टॉवर, उंदीर आणि मायचा फोन

वाचकाचं पत्र

आम्ही अमळनेर तालुक्यातले, बोरीकाठचे. माय ७२ वर्षांची. आयुष्यभर कापूस वेचला, चार लेकरं वाढवली. दोन वर्षांपासून विसरायला लागली आहे. आधी भाजीत दोनदा मीठ, मग पैसे कुठं ठेवले ते आठवेना. वैशाखात भर दुपारी घरातून निघाली आणि बसस्टँडवर सापडली. मला बघून म्हणाली, ‘तू कोना पोऱ्या रे?’ घरी आणल्यावरही ‘माले घर जानं शे’ हेच चालू होतं.

चार वर्षांपूर्वी घरापासून दीडशे पावलांवर मोबाईल टॉवर उभा राहिला. आजूबाजूच्या आणखी दोन म्हाताऱ्या माणसांना असंच झालंय. ग्रामसभेत टॉवर हटवायचा ठराव येणार आहे आणि माझी सही मागत आहेत. सुरतेचा भाऊ म्हणतो, फोनच्या लहरींनी मेंदूच्या पेशी मरतात. त्याच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपूर्वी मायचा बटणाचा फोन काढून घेतला. त्यावर ती रोज संध्याकाळी शिरपूरच्या मावशीशी बोलायची. तशीही नुसती ‘हां, हां’ करायची, मागून विचारलं तर काही सांगता यायचं नाही. टीव्ही मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा लावते.

आता पुतण्यानं व्हिडिओ पाठवलाय की अमेरिकेत याच लहरींनी अल्झायमर झालेले उंदीर बरे केले आणि माणसांसाठी टोपीही निघाली. एक जण फोनला लावायची ‘रेडिएशन चिप’ विकायला येऊन गेला. बायको म्हणते आधी डॉक्टरला दाखवा. यातलं खरं काय मानायचं?

— एक वाचक

उत्तर

भाऊ,

मायचा फोन तिला परत द्या. बाकीचं खाली सविस्तर लिहितो, पण हे काम माझं उत्तर पूर्ण वाचायच्या आधी केलं तरी चालेल.

तुमचा भाऊ आणि पुतण्या उलटसुलट सांगतायत असं वाटतं. गंमत म्हणजे दोघांनी ऐकलेलं कुठं ना कुठं खरोखर छापून आलेलं आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत, फक्त दोघांनीही अर्धी गोष्ट ऐकून फोन ठेवून दिला आहे.

भावाची गोष्ट बहुधा स्वीडनची असावी. २००३ साली तिथल्या लुंड विद्यापीठात उंदरांना दोन तास मोबाईलच्या लहरींत ठेवलं आणि पन्नास दिवसांनी त्यांचे मेंदू तपासले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते. रक्तातलं सगळंच मेंदूत शिरू नये म्हणून निसर्गानं ती ठेवली आहे. या उंदरांत ती गाळणी पाझरल्याच्या खुणा दिसल्या आणि काही पेशी काळवंडलेल्या, इजा झालेल्या आढळल्या. बातमी जगभर गेली. पुढं फ्रान्स आणि जपानमधल्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग जास्त काळजीनं करून पाहिला, तेव्हा त्यांना तसं काही दिसलं नाही. ही दुसरी बातमी कुणी पाठवली नाही. कापसाचं नवं वाण शेजाऱ्याच्या एका वावरात एका साली बरं आलं म्हणून तुम्ही सगळं रान त्याच्याखाली घालता का? एक पाऊस-पाणी बघता, दुसऱ्याच्या शेतात कसं येतं ते बघता, मग ठरवता. प्रयोगाचंही तसंच आहे.

म्हणून लहरींचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी लिहिणार नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ४७ निरोगी माणसांच्या कानांना फोन बांधून पन्नास मिनिटं एका बाजूचा फोन आवाज बंद ठेवून चालू ठेवला आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. अँटेनाजवळच्या भागात मेंदू साखर नेहमीपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त वापरत होता. म्हणजे मेंदूला लहरींची चाहूल लागते. पण साखर जास्त वापरली म्हणजे पेशी मेली असं होत नाही. गणित सोडवतानाही मेंदू साखर वापरतो. चाहूल लागणं आणि इजा होणं यात फार मोठं अंतर आहे आणि व्हिडिओ बनवणारे ते एका वाक्यात ओलांडून जातात.

फोनच्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत हेही लक्षात असू द्या. एक्स-रेमध्ये पेशीतल्या रेणूंची बांधणी तोडण्याइतकी ताकद असते. मोबाईलच्या लहरींना ते जमत नाही, त्या जास्तीत जास्त थोडी ऊब देतात. कानाला फोन लावून बोलताना मेंदूचं तापमान वाढतं ते फार तर एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याइतकं. कान तापतो तो बराचसा फोनच्या बॅटरीनं आणि कानाला चिकटलेल्या प्लास्टिकनं. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात मुरावी, यालाही मर्यादा आहे: १ ग्रॅम पेशींमागं सरासरी १.६ वॅट प्रतिकिलो. तुमच्या स्वतःच्या फोनवर *#०७# दाबून पाहा, बऱ्याच फोनवर आकडा समोर येतो.

आता पुतण्याचे उंदीर. हा प्रयोग २०१० सालचा, अमेरिकेतल्या साऊथ फ्लोरिडा विद्यापीठातला. ९६ उंदीर होते. त्यातल्या बहुतेकांच्या जनुकांत फेरफार करून त्यांच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे गठ्ठे साचतील अशी सोय केलेली होती. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हेच गठ्ठे सापडतात. पिंजरे गोलाकार मांडले, मधोमध अँटेना ठेवली आणि ९१८ मेगाहर्ट्झच्या लहरी रोज एकेक तास दोनदा, सात ते नऊ महिने सोडल्या. संशोधकांना वाटलं होतं की उंदरांची स्मरणशक्ती आणखी बिघडेल. झालं उलटंच. लहान वयापासून लहरींत राहिलेले उंदीर विसरले नाहीत आणि आधीच विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या उंदरांचे गठ्ठेही कमी झाले. पुढं कोरियातल्या एका गटानं १९५० मेगाहर्ट्झवर आठ महिने केलेल्या प्रयोगात तसंच काहीसं दिसलं. तीन महिन्यांच्या प्रयोगात मात्र काहीच फरक पडला नव्हता.

ऐकायला फार छान आहे. पण भाऊ, अल्झायमरचे उंदीर बरे झाल्याची बातमी मी डॉक्टरकीच्या इतक्या वर्षांत एवढ्या वेळा वाचली आहे की उंदीर होऊन जन्माला आलो असतो तर बरं, असं वाटतं. उंदराला अल्झायमर आपणहून होत नाही. त्याच्या मेंदूत आपण एक दोष घालतो आणि तोच दोष काढून दाखवतो. तुमच्या मायच्या मेंदूत साचलंय ते सत्तर वर्षांचं आयुष्य. रक्तदाब, साखर, कुपोषण, बाळंतपणं, सगळं त्यात आलं. उंदरावर चाललेली कितीतरी औषधं माणसापाशी येऊन थांबली.

टोपीचं म्हणाल तर ती खरी आहे. २०१९ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या आठ जणांना घरच्या घरी, रोज दोनदा एकेक तास, दोन महिने ती घातली. आठपैकी सात जणांचे चाचणीतले गुण सुधारल्याचं छापून आलं. पण माणसं आठच. तुलनेसाठी नुसती बंद टोपी घातलेली दुसरी माणसं नव्हती. शिवाय संशोधक उपकरण बनवणाऱ्या कंपनीशीच जोडलेले होते. कुणी दोन महिने रोज दोन तास आपल्यापाशी बसतंय, लक्ष देतंय, एवढ्यानंसुद्धा म्हाताऱ्या माणसाला तरतरी येते. पुढच्या मोठ्या चाचण्यांतून खरं काय ते कळेल. तोवर टोपी विकत घेऊ नका. आणि ‘लहरी चांगल्या असतात’ म्हणून मायच्या उशाखाली फोन ठेवू नका. कुणीतरी हे करणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

डेन्मार्कचा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो दोन्ही बाजूंची फजिती करतो. सुमारे ४ लाख २० हजार जुन्या मोबाईलधारकांची रुग्णालयातली नोंद तपासली, तर अल्झायमरसाठी भरती होणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे फोन मेंदू वाचवतो? नाही. १९८२ ते १९९५ या काळात मोबाईल घ्यायला पैसा लागायचा आणि डोकं ठिकाणावर असावं लागायचं. ज्याला आधीच विसरायला होतंय तो नवा फोन घ्यायला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. संशोधकांनीही तो तसाच लावला.

तुमच्या टॉवरकडं येतो. चार वर्षांपूर्वी तो उभा राहिला आणि दोन वर्षांपूर्वी माय विसरायला लागली. मन या दोन गोष्टींची गाठ मारणारच. पण अल्झायमर असेल, तर मेंदूत त्याची सुरुवात विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी झालेली असते. म्हणजे टॉवरच्या पायाचा खड्डा खणायच्या कितीतरी आधी. जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी हा आजार १९०६ मध्ये मांडला, तेव्हा मोबाईल तर सोडाच, घराघरात रेडिओसुद्धा नव्हता. त्यांची रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. अर्थात आजार जुना आहे म्हणून नवं कारण त्यात भर घालूच शकत नाही, असं म्हणता येत नाही. पण भर घालतं हे दाखवावं लागेल आणि आजवर ते कुणाला दाखवता आलेलं नाही.

आजूबाजूच्या त्या दोघांचं काय? भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरायला लावणाऱ्या आजारांचं, प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, एकूण ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तुमच्या आळीत साठीपुढची चाळीस माणसं असतील, तर तिघं हिशेबानंच आली. टॉवर नसलेल्या आळीतही मोजून बघा.

भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर अर्ज करून मोजणी मागता येते. ती सुविधा आली तेव्हा शुल्क चार हजार रुपये होतं. पाच-दहा घरांनी मिळून भरलं तर जड नाही. ग्रामसभेत आरडाओरडा करण्यापेक्षा मोजणीचा कागद हातात असलेला बरा. आणखी एक, जे ऐकून लोकांना राग येतो. टॉवर लांब गेला की फोनला रेंज मिळवायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर तुमच्या कानापाशी लागतो. तुमच्या डोक्याला मिळणाऱ्या लहरींत टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनचा वाटा कितीतरी मोठा असतो. सातपुड्याच्या पायथ्याला एक दांडी रेंजवर बोलणारा माणूस तुमच्यापेक्षा जास्त लहरी अंगावर घेतो.

तरीही सही करायचीच असेल तर ठरावातला मजकूर बदलून घ्या. टॉवरखाली डिझेलचा जनरेटर असेल आणि भारनियमनात तो धूर ओकत असेल, तर ती तक्रार जोरात करा. हवेचं प्रदूषण डिमेन्शियाचा धोका वाढवतं, याचे पुरावे लहरींपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. अख्खा गाव टॉवरच्या टोकाकडं बघतोय आणि काळा धूर बुडाशी निघतोय, असं व्हायला नको.

चिपवाल्याला दारातूनच परत पाठवा. लहरी खरोखरच अडवल्या तर फोन आणखी जोर लावणार आणि अडवल्या नाहीत तर पैसे गेले. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगानं शेणापासून केलेली अशी चिप पुढं आणली होती, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा दाखवा म्हणून विचारलं होतं. शेण वावरात टाका, तिथं त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय तिच्याकडं. तुमच्या पत्रात टॉवर आहे, उंदीर आहेत, सुरत आहे, अमेरिका आहे. मायला डॉक्टरकडं नेल्याचं कुठं नाही. आणि नेमकं महत्त्वाचं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ती फोनवर नुसती ‘हां, हां’ करते. टीव्ही गल्लीभर ऐकू जाईल असा लावते. भाऊ, तुमची माय विसरत असेलच, पण त्याआधी तिला ऐकू येत नाहीये. जे कानात शिरलंच नाही ते नंतर विचारल्यावर कुठून सांगणार? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात बहिरेपण आहे, दृष्टी अधू होणं आहे, साखर, रक्तदाब, तंबाखूचा धूर, नैराश्य आहे आणि एकटं पडणंही आहे. त्या यादीत मोबाईल नाही. आणि तुम्ही काय केलंत? यादीत नसलेल्या गोष्टीच्या भीतीनं यादीतली एक गोष्ट तिच्यावर लादलीत. कडक लिहितोय, माफ करा.

सगळं विसरणं अल्झायमर नसतं. आपल्याकडं भाकरी-भाजीवर राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांत बी-१२ ची कमतरता नेहमी सापडते आणि तिनं विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात. थायरॉईड मंद झाला तरी तेच. रक्तातलं सोडियम उतरलं तरी तेच. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या वैशाखात पाणी कमी पडलेला म्हातारा माणूस भर दुपारी बरळू लागतो आणि दोन दिवसांनी सावरतो. त्या बसस्टँडवरच्या दुपारी तिनं सकाळपासून किती पाणी प्यायलं होतं, हे सूनबाईंना विचारा. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, लघवी धरून ठेवण्याच्या गोळ्या, यांनीही वयस्कर माणसाचं डोकं गुंगतं. म्हणून तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरपुढं ओता.

माझी काकू मोरीत घसरली होती. टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. दीड महिन्यानं ती नावं विसरू लागली, बसल्याबसल्या डुलक्या घेऊ लागली. घरात डॉक्टर मी आणि मीच म्हणालो, वय झालं. स्कॅन केलं तेव्हा कवटीखाली रक्त साकळलेलं निघालं. ते काढल्यावर आठवड्याभरात ती मला माझ्या लहानपणचे गुन्हे मोजून दाखवू लागली. तेव्हापासून ‘वय झालं’ हे मी निदान म्हणून लिहीत नाही.

जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. अमळनेरहून दोन्ही गावं एका दिवसात जाऊन येण्यासारखी. बी-१२, थायरॉईड, साखर, सोडियम, रक्तदाब, कानाची तपासणी, मोतीबिंदू आणि डॉक्टरांनी सांगितलं तर मेंदूचं स्कॅनिंग, एवढं होऊ द्या. कानात नुसता मळ साचलेला असतो आणि लोक मेंदूचे उपचार शोधत फिरतात, हेही पाहिलंय. एवढं करून अल्झायमरच निघाला, तर डोनेपेझिल, मेमँटिनसारखी औषधं आहेत. आजार जात नाही, पण काही काळ माणूस आपल्यात थोडा जास्त राहतो.

‘माले घर जानं शे’ याला ‘हेच तर तुझं घर आहे’ असं उत्तर देऊ नका. ती भिंतींबद्दल बोलत नसते. बहुतेकदा ते माहेर असतं, लग्नाआधीचं अंगण असतं. पुढं शिकलेलं आधी पुसट होतं आणि बालपणीचं शेवटपर्यंत टिकतं. म्हणून नातवाच्या शाळेतली मराठी तिला परकी वाटेल, पण अहिराणीत हाक मारा, वळून बघेल. ‘जाऊत माय, चहा पिसनी जाऊत’ म्हणायचं आणि माहेरच्या विहिरीबद्दल, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याबद्दल विचारायचं. चहा संपेपर्यंत निघायची घाई ओसरते. तुमचा फोन नंबर तिच्या लुगड्याच्या पदराला आतून शिवून ठेवा आणि दाराला वर, सहज हाताला लागणार नाही अशी कडी लावा.

पत्रात बायको एकाच वाक्यात आली आणि तेवढ्या एका वाक्यात घरातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच बोलली. तिला रात्री किती वेळा उठावं लागतं, तेही विचारा. सुरतेच्या भावाला म्हणावं, लांबून सल्ले देण्याऐवजी महिन्यातले आठ दिवस मायला सांभाळायला या. ते जमत नसेल तर निदान दुपारची एक बाई ठेवायचे पैसे पाठवावेत. काही अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आणि फोन. कानाला लावायचा नाही, स्पीकरवर ठेवून पाटावर मांडायचा. लहरींची उरलीसुरली भीती त्यानं जाते आणि मायला ऐकूही नीट येतं. टीव्ही बंद करून, रोज त्याच वेळेला. शिरपूरच्या मावशीला आधी तुम्ही वेगळा फोन करून सांगा की ‘ओळखलंस का, मी कोण?’ असं विचारायचं नाही. आधी स्वतःचं नाव सांगायचं, एका वेळी एकच गोष्ट बोलायची, माय तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली तर पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं. दोन महिने फोन का आला नाही म्हणून मावशी तुमच्यावर चिडलेली असणार. ते बोलणं तुम्हीच खाऊन घ्या आणि मग फोन मायपुढं ठेवा.